खाऱ्या विहिरीजवळचं घर

गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा आई मागच्या वाडीत पडलेल्या झावळ्या ओढत होती. सगळं गाव अंगणात जमलं होतं, मामीनं वाटेसाठी घावने बांधून दिले होते, आणि जिची लेक परदेशी निघाली होती ती बाई घामाघूम होऊन झावळ्यांचा ढीग लावत होती. निरोपाची वेळ आली की आई नेहमी असंच काहीतरी काम काढायची. अब्बांच्या वेळीही तिनं तेच केलं होतं. ते जहाजावर जायचे, आणि ती नेमकी तेव्हाच घर सारवायला घ्यायची.

मी सनाला कडेवर घेऊन मागं गेले. सना तेव्हा चार वर्षांची होती. आईनं हात पदराला पुसले, सनाच्या डोक्यावरून फिरवले आणि मला म्हणाली, "रडू नको गो. नवऱ्यापाशी चाललीस, कुणाच्या मयतीला नाय. आता लांब राहू नका एकमेकांपासून. मी राहिले तेवढं पुरे."

एवढंच. मग तिनं पुन्हा झावळी उचलली.

गावातल्या माझ्या बहिणींनो, तुम्ही फोनवर नेहमी विचारता, की तू तिकडं नक्की कुठं राहतेस, मागं एकही बिल्डिंग कशी दिसत नाही. आणि इथल्या मैत्रिणींनो, दोहातल्या अबू हमूर आणि अल रय्यानच्या फ्लॅटांतून शुक्रवारी माझ्याकडं येणाऱ्या, तुम्ही विचारता की एवढ्या रानात राहायचं धाडस केलंस कसं. दोन्हीकडच्यांना एकच उत्तर देते, जरा सावकाशीनं.

माझा नवरा इम्तियाज लग्नानंतर तीन महिन्यांत कतारला गेला होता. मोटारी आणि पंपांचं काम त्याच्या हातात होतं. आधी दोहातल्या एका वर्कशॉपमध्ये, मग शहराच्या उत्तरेला एका जुन्या कतारी कुटुंबाच्या मझऱ्यावर. मझरा म्हणजे शेत. आम्ही दोघं नवरा-बायको होतो ते मुख्यतः फोनवर. सनाला बाप माहीत होता तो मोबाईलच्या काचेतला. विमानतळावर त्यानं तिला उचललं, तर तिनं हातातली बाहुली त्याच्या डोळ्यांपासून चार बोटांवर नेऊन धरली. व्हिडिओ कॉलवर अशीच दाखवायची ना ती. तो हसला, आणि तिला तशीच कडेवर घेऊन चालायला लागला.

पिकअपमधून निघालो. दोहाचे उंच मनोरे, दिवे, रुंद रस्ते. मला वाटलं, आता थांबेल, मग थांबेल. दिवे मागं पडत गेले. दोन्ही बाजूंना नुसती सपाट, फिकी जमीन. शेवटी एका लोखंडी फाटकातून आत शिरलो. थोड्या खजुरी, बोरीची झाडं, शेळ्यांचा गोठा, पंपाची खोली, आणि तिच्या मागं पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. एसी घरघरत होता. खिडकीबाहेर विहीर.

"शहराच्या जरा बाहेर" असं इम्तियाज म्हणाला होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "शहरात घर घेणं आपल्याला झेपणारं नव्हतं. मालकांनी एका हिवाळ्यापुरती परवानगी दिलीय. एप्रिलमध्ये सनाची शाळा सुरू होईल. तोवर जमलं तर बघू. नाही जमलं तर तुम्ही दोघी परत."

मालक म्हणजे अबू खालिद, सत्तरीचे गृहस्थ. त्यांचा मुलगा खालिद मझऱ्याचा कारभार बघायचा. त्याला आमचं येणं पसंत नव्हतं. इथं शेळ्या राखणारे, खजुरीवर चढणारे असे सगळे एकटे पुरुष. बाईमाणसाला काही झालं तर जबाबदारी कुणाची, असं त्याचं म्हणणं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. त्या सगळ्या माळावर मी एकटी बाई होते.

पहिले आठवडे मी खोलीतून बाहेर पडले नाही. ऑगस्ट संपत आलेला. दार उघडलं की भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी हवा इतकी दमट व्हायची की बाहेरचा माणूस बुडी मारून आल्यासारखा दिसायचा. मी आयुष्यभर वाडीत राबलेली. सुपारी, नारळ, खाचरातला भात, परसातला भाजीपाला. हात नुसते मांडीवर ठेवून बसायची सवयच नव्हती. गावाहून आणलेली मेथी मी दाराशी पेरली, विहिरीचं पाणी घातलं. उगवली, दोन पानं आली, आणि पानांच्या कडा करपल्या. पाणी जिभेवर धरून बघितलं. आमच्या खाडीच्या पाण्यासारखं नाही, पण खारंच. त्या पाण्यावर फक्त खजुरी जगत होत्या. प्यायला आणि शेळ्यांना गोडं पाणी टँकरनं यायचं, आणि ते भाजीला घालणं म्हणजे गुन्हाच.

मग एका सकाळी दारातून पाय बाहेर टाकला तर चिखलात रुतला. वाळवंटात चिखल कुठून? बघितलं तर एसीची नळी टपकत होती. हवेतला सगळा दमटपणा त्या नळीतून थेंबथेंब बाहेर येत होता. मी ते पाणी चाखलं. गोडं.

मी बादली लावली. दुपारपर्यंत भरली. इम्तियाज जेवायला आला तेव्हा मी दुसरी बादली शोधत होते. म्हटलं, "पंपाच्या खोलीच्या एसीलाही लावा ना एक."

"काय करणारेस?"

"रोपं."

तो हसला नाही. संध्याकाळी दोन रिकामे ड्रम धुऊन आणून ठेवले.

शेळ्यांची कुजलेली लेंडी चाळून वाळूत मिसळली. खजुरीच्या झापांचा मांडव केला. त्यात मला मदत झाली ती शफीकभाईंची. ते बांगलादेशातल्या सिल्हेटचे, शेळ्या बघायचे. आमच्या दोघांची भाषा म्हणजे मोडकी हिंदी. मी लाल माठाचं बी दाखवलं तसे त्यांचे डोळेच चमकले. "लालशाक!" म्हणाले. त्यांच्याकडंही तीच भाजी. मग रोज सकाळी ते आधी माझ्या वाफ्याकडं यायचे आणि नंतर शेळ्यांकडं जायचे.

इथला ऋतू आपल्या उलटा. पेरायचं सप्टेंबर-ऑक्टोबरात, खायचं थंडीत. सगळं उन्हाळ्यात मरतं आणि थंडीत जगतं, हे अंगवळणी पडायला मला वेळ लागला. बरंचसं चुकलं. वाल पिवळे पडून गेले, त्यांना खारं अजिबात सोसत नाही. पालकाला सोसतं. बिटालाही. दुधी तर असा पसरला की मांडव अपुरा पडला. थंडी आली, हवा दमट राहिली नाही, तशी एसीची नळीही आटली. मग मी भांडी धुतलेलं पाणी, आंघोळीचं पाणी, जे मिळेल ते विहिरीच्या पाण्यात मिसळून घातलं. निम्मं मेलं, निम्मं राहिलं.

थंडीत मालकांचं कुटुंब दर गुरुवारी मझऱ्यावर मुक्कामाला यायचं. खैमा म्हणजे तंबू ठोकायचे, शेकोटी, चहा, नातवंडांचा दंगा. एका शुक्रवारी अबू खालिदांची बायको, उम्म खालिद, काठी टेकत माझ्या वाफ्यापाशी येऊन उभी राहिली. लाल माठाकडं बोट करून म्हणाली, "शिनू हादा?" हे काय आहे? मला अरबी येत नव्हतं. मी एक मूठ माठ खुडला आणि हातानं खूण केली, थांबा. आत जाऊन लसूण-मिरची घालून परतला, तांदळाच्या भाकरीबरोबर ताटलीत दिला. ती तिथंच चटईवर बसली आणि बोटं चाटून चाटून खाल्लं. तिला जुन्या लोकांसारखी थोडी हिंदी यायची. म्हणाली, "अच्छा. बहोत अच्छा." मग माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, तळव्यावरच्या घट्ट्यांवर अंगठा फिरवला, आणि स्वतःचे तळवे माझ्यासमोर धरले. तिचे घट्टे जुने होते, पण होते. पुढं कळलं, की ती लहान असताना आईबरोबर शेळ्या राखायची, विहिरीतून पाणी ओढायची. एवढे मनोरे, एवढ्या गाड्या, हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत आलं.

एप्रिल आला तेव्हा खालिदनं पुन्हा विषय काढला. इम्तियाज घरी येऊन म्हणाला, "उम्म खालिद म्हणाली, पुढच्या हिवाळ्यापर्यंत राहू दे." हो नाही आणि नाहीही नाही. सनाची शाळा सुरू झाली. इम्तियाज तिला रोज पहाटे पिकअपनं हायवेच्या वळणावर सोडायचा, तिथून स्कूलबस. ती चटकन रुळली. मी मात्र घरात काही नवं घ्यायचं टाळायची. पडदेसुद्धा शिवले नाहीत. कशाला, जायचंच असेल तर?

दुसऱ्या हिवाळ्यात मला आठवा सरून नववा लागला होता. त्या गुरुवारी विहिरीची मोटार जळली. इम्तियाज ती घेऊन दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात दुरुस्तीला गेला. काम लांबलं, म्हणून एशियन टाउनजवळ मामेभावाच्या खोलीवर राहिला. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून लांब होती, काळजीचं कारण नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी दार उघडलं तर बाहेर काही नव्हतं. विहीर नाही, खजुरी नाहीत, फाटक नाही. इथं थंडीत असं धुकं पडतं की हात लांब केला तर हात दिसत नाही. आणि त्याच वेळी माझ्या कमरेतून कळ निघाली.

मी इम्तियाजला फोन लावला. तो म्हणाला, "निघतो, पण समोरचं काही दिसत नाहीये." त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. ॲम्ब्युलन्सला फोन केला. ते म्हणाले येतो, पण धुक्यात वेळ लागेल. मी सनाचा हात धरला आणि अंदाजानं खैम्याच्या दिशेनं चालायला लागले. वाटेत दोनदा बसले. सना हाका मारत होती, "खाला! खाला!" खैम्यातून उम्म खालिद बाहेर आली. नुसतं माझ्याकडं बघून तिला कळलं.

पुढचं सगळं तिनं केलं. सनाला सुनेच्या स्वाधीन केलं. ड्रायव्हरला उठवलं. खालिद म्हणाला, थांबू या, ॲम्ब्युलन्स येईल. ती त्याला एकच शब्द बोलली, "खलास." वाद संपला. खालिद स्वतः ड्रायव्हरशेजारी बसला, काच खाली करून, डोकं बाहेर काढून रस्त्याची कड बघत. गाडी पायी चालल्यासारखी सरकत होती. मागच्या सीटवर माझं डोकं उम्म खालिदच्या मांडीवर. ती सारखी काहीतरी पुटपुटत होती. दुआ असाव्यात, मधूनच गाणं असावं. कळ आली की मी तिचा हात दाबायची आणि ती म्हणायची, "यल्ला, बिन्ती, यल्ला." यल्ला म्हणजे चल, बिन्ती म्हणजे माझी पोर. माझ्या तोंडून मात्र एकच शब्द निघत होता, "आई गो." कितव्यांदा तरी तिनं तो उचलला आणि माझ्याबरोबर म्हणायला लागली. "आई गो, आई गो." तशा कळांमध्येही मला हसू फुटलं.

हॉस्पिटलच्या दारात पोहोचलो आणि थोड्याच वेळात माझी दुसरी मुलगी झाली. इम्तियाज आला तेव्हा उम्म खालिद बाळाला घेऊन खुर्चीत बसली होती, बुरखा चुरगळलेला, काठी कुठं राहिली ते माहीत नाही. त्यानं बाळाच्या कानात अजान दिली. खालिद खिडकीशी उभा होता, तो बाहेर बघत राहिला.

बाळाचं नाव नूरा. चाळीस दिवस झाले, आणि खालिद एका गवंड्याला घेऊन आमच्या खोल्यांकडं आला. मला वाटलं, झालं, आता पाडणार. तो इम्तियाजला म्हणाला, "किचन छोटं आहे. दोन मुली आहेत तुला. भिंत कुठं घालायची ते मदामला विचार."

त्या आठवड्यात मी पडदे शिवले.

नंतरची वर्षं भराभर गेली. मझऱ्यावर पाणी गोडं करायचं मशीन बसलं, जाळीची शेड आली, ठिबक आलं. इम्तियाज आता मशीनबिशीन सगळं बघतो आणि शेडमध्ये काय लावायचं ते मी ठरवते. वाल आता येतात. शुक्रवारी शहरातून भाजी घ्यायला येणारे लोक खूश होऊन नेतात ते मात्र अळू. एका शुक्रवारी अबू हमूरची एक बाई आपल्या म्हसळ्याची निघाली. अळू बघून ती वाफ्याशीच फतकल मारून बसली. पुढच्या शुक्रवारी ती चार जणींना घेऊन आली, मग त्यांच्या ऑफिसातल्या कोल्हापूरच्या, नांदेडच्या मुली यायला लागल्या. कुणी अंबाडी मागते, कुणी शेपू. आयटीतली एक पोरगी नुसती कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून बसते आणि जाते.

आई एकदा येऊन गेली. थंडीचे दोन महिने. वाळू चिमटीत धरून म्हणाली, "ह्याच्यात काय उगवणार, कपाळ?" आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर निंदायला बसलेली. दुपारी ती आणि उम्म खालिद चटईवर वाल सोलत बसायच्या. आई आपल्या कोकणीत जावेच्या कागाळ्या सांगायची, उम्म खालिद अरबीत आणखी कुणाच्या तरी. दोघी माना डोलवायच्या. मी दुभाषी व्हायला गेले तर आई म्हणाली, "तू जा गो. आमचं चाललंय."

परतताना ती विमानतळावर रडली नाही. काम काढायला तिथं काही नव्हतं, म्हणून तिनं सनाची वेणी सोडून पुन्हा घातली.

दोन वर्षांनी ती गेली. सकाळी फोन आला, आणि मी गावात पोहोचले तोवर माती देऊन झाली होती. हे परदेशी गेलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं, मला माहीत होतं. माहीत असून काही उपयोग होत नाही. मी तिच्या वाडीत फिरले. भावानं वाडी नीट ठेवली होती. मी झावळ्या ओढायला गेले तर भावजय म्हणाली, "राहू दे बाबी, तू पावणी आलीस." प्रेमानंच म्हणाली. पण मी झावळी खाली ठेवली.

परत आले तेव्हा शफीकभाईंनी वाफे तयार करून ठेवले होते. उम्म खालिद दारात खुर्ची टाकून बसली होती. माझं रडून होईपर्यंत थांबली, आणि मग चहा मागितला.

सना आता उंच झालीय, माझ्याहून. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. गावच्या आत्यांना ते आवडत नाही. पण शेडमध्ये शिरली की "आई, पाणी जास्त झालंय ह्याला" हे ती मराठीतच म्हणते. नूराला तिन्ही भाषा येतात आणि तिन्हींत ती भांडते.

मैत्रिणींनो, ही जमीन माझी नाही. होणारही नाही. इम्तियाजचा करार संपेल, तब्येत साथ देणार नाही, किंवा खालिदची मुलं मझरा विकतील, आणि एक दिवस आम्ही निघू. गावची वाडी भावांच्या नावावर आहे. सासरचं घर दिरांचं आहे. कागदावर बघितलं तर मी कुठलीच नाही. पूर्वी हा विचार आला की मी उठून काहीतरी काम काढायची. आता नाही काढत, खरंच. मी जिथं पेरलं तिथली आहे, एवढं मला पुरतं.

गेल्या महिन्यात उम्म खालिद आली. आता तिला चालवत नाही, नातू चाकाच्या खुर्चीतून आणतो. तिच्या पायाशी खजुरीचं एक पिल्लू होतं, आईच्या बुंध्यापासून कापून काढलेलं, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं. म्हणाली, तुझ्यासाठी. आणि काठीनं सगळा मझरा दाखवत विचारलं, "वेन?" कुठं?

इतक्या वर्षांत मी इथं सगळं लावलं, पण एका हंगामाचंच. लावा, खा, उपटा. झाड म्हणून मी कधी लावलं नव्हतं.

मी स्वयंपाकघराच्या दारासमोरची जागा दाखवली. इम्तियाजनं खड्डा खणला. माती लोटताना मला हळूच म्हणाला, "चार-पाच वर्षं तरी लागतील फळ यायला. आपण असू का तेव्हा?"

"आधी पाणी आणा," मी म्हटलं.

तो गेला. मी गुडघे टेकून पिल्लाभोवतीची वाळू हातानं दाबली. खुर्चीतून उम्म खालिद सूचना देत होती, अजून थोडी, ह्या बाजूला, आणि नूरा माझ्यासाठी त्याचं मराठी करत होती, मला सगळं समजत असूनही.